यादी हातात पडल्यावर

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर दरवर्षी एकच चित्र दिसायचं. मुलगी पावत्या फाइलीत लावतेय, आई हॉस्टेलच्या मेसची चौकशी करतेय आणि वडील भिंतीला टेकून दोन पानांची झेरॉक्स वाचताहेत. झेरॉक्सवर साहित्याची यादी. लेक्रॉन कार्व्हर, वॅक्स नाइफ, रबर बाउल, आर्टिक्युलेटर, टायपोडॉन्ट, एअरोटर, बर. बाहेर फाटकाशी डेंटल डेपोचा माणूस व्हिजिटिंग कार्ड वाटत असतो आणि ‘सगळा सेट एकदम घेतला तर किती कमी होईल’ हे न विचारता सांगत असतो.

एका वर्षी असेच एक वडील माझ्या टेबलापाशी आले. तालुक्याच्या गावी त्यांचं किराणा दुकान होतं. यादीवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या आणि जिथे काहीच उलगडा झाला नाही तिथे प्रश्नचिन्हं काढली होती. म्हणाले, “मॅडम, यातलं रोजच्या वापरातलं काय आणि सणावारी लागणारं काय, तेवढं सांगा. आम्ही माल तसाच भरतो.” इतका नेमका प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता, आणि मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. मी कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दात भरण्याच्या विभागातली. यादीतल्या माझ्या विभागाच्या ओळी मला पाठ होत्या. प्रॉस्थोच्या, म्हणजे कवळ्यांच्या, ओळींसाठी मी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं, पेरिओच्या, म्हणजे हिरड्यांच्या, ओळींसाठी समोरच्या इमारतीत. संध्याकाळी लक्षात आलं की ही यादी पाच-सहा विभागांनी मिळून लिहिली आहे, पण सबंध यादी अशी कुणीच वाचलेली नाही. ती वाचायचं काम आपण अठरा वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर सोपवतो.

हे पुस्तक त्या वडिलांच्या प्रश्नाचं उशिरा आलेलं उत्तर आहे, असं मी समजते. म्हणूनच प्रस्तावना लिहायला लगेच हो म्हटलं.

बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. प्रवेश नीटमधून. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन एमबीबीएसच्या मुलांसारखंच, फक्त डोकं-मान यांवर जास्त भर. आणि त्याच्या जोडीला दातांची रचना. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, सूक्ष्मजीव, दंतसाहित्य आणि ज्याला सगळे ‘प्रीक्लिनिकल’ म्हणतात ते लॅबमधलं हातकाम. तिसऱ्या वर्षापासून पेशंट, विभागवार पोस्टिंग आणि ठरलेल्या कामांचा कोटा. चौथ्या वर्षी आठ क्लिनिकल विषयांची परीक्षा. एवढा नकाशा कुठल्याही माहितीपत्रकात मिळतो. त्यात न सांगितलेली गोष्ट अशी की एमबीबीएसच्या मुलाचा स्टेथोस्कोप गळ्यात मावतो, पण बीडीएसच्या मुलीला पेटी लागते. डॉक्टर होण्याआधी ती कारागीर होते, तेही पहिल्या सहामाहीतच. घरात सुतार, सोनार किंवा शिंपी असेल तर अवजार कसं निवडतात, कसं जपतात आणि दुसऱ्याला का देत नाहीत हे लहानपणापासून कळत असतं. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं एनसीईआरटीची पुस्तकं आणि बहुपर्यायी प्रश्न यांतून थेट येतात. हातात पट्टी-पेन्सिलीखेरीज काही धरलेलं नसतं.

दातावर काम करण्याआधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवायचा, ही कल्पना मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्यांच्या सरावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घ्यायचा सराव कोहळा-दुध्यासारख्या फळांवर करायचा, आणि ओढून काढण्याचा सराव फणस, बेल अशा फळांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर. शास्त्र तोंडपाठ असलं तरी असा सराव न केलेला माणूस कामाला अयोग्य, असं तिथे बजावलेलं आहे. त्याच ग्रंथातल्या वीस शस्त्रांत ‘दंतशंकु’ हे खास दातांचं शस्त्र येतं. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा ‘फँटम हेड’ पाश्चात्त्य दंतशिक्षणात आला तो १८९४ च्या सुमारास, ऑस्वाल्ड फर्गस यांच्या नावावर. आपल्याकडे सगळं आधीच होतं असा दावा मला यातून करायचा नाही. दातांच्या बाबतीत आपल्याकडे पुढची कित्येक शतकं जत्रेतल्या दात उपटणाऱ्यांचीच होती. पण फणसाच्या गऱ्यातून आठळी अलगद सोडवणारा विद्यार्थी आणि टायपोडॉन्टच्या नकली जबड्यातला प्लॅस्टिकचा दात कोरणारी विद्यार्थिनी एकाच बाकावर बसली आहेत, हे मला लेक्चरच्या पहिल्या दिवशी सांगायला आवडायचं.

दंतवैद्यकाला स्वतःचं शास्त्र आणि स्वतःचं कॉलेज मिळायला बराच काळ गेला. पॅरिसच्या पिएर फोशारनं १७२८ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहून फिरत्या दात उपटणाऱ्यांपासून हा व्यवसाय वेगळा काढला. अमेरिकेत बाल्टिमोरला १८४० मध्ये दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं. भारतात कोलकात्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिलं कॉलेज सुरू केलं. आयोवातून पदवी घेऊन आलेल्या या माणसानं कॉलेजच्या खर्चासाठी सोडा फाउंटनचं दुकान चालवलं होतं. दातांचं कॉलेज गोड पेयांच्या कमाईवर उभं राहिलं, हा विनोद प्रत्येक बॅचला नव्यानं सापडतो. याच कोलकात्यात दंतवैद्यक शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला होता. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. मग १९४८ चा डेंटिस्ट कायदा आला आणि त्यानं पदवीधर एका भागात, तर पदवी नसलेले पण वर्षानुवर्षं या धंद्यावर पोट भरणारे दुसऱ्या भागात, अशी नोंदणी केली. माझ्या लहानपणी आमच्या पेठेत काचेच्या कपाटात कवळ्या मांडून बसणारे एक गृहस्थ होते. ते त्या दुसऱ्या भागातले, हे मला खूप पुढे कळलं. त्यांच्या कवळ्या उत्तम बसायच्या, हेही सांगून टाकते.

आता यादीकडे. ती वरून खाली सपाट दिसते, पण खणत गेलं तर तिच्यात थर लागतात.

सगळ्यात जाड थर ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या एका माणसाचा आहे. इलिनॉयमधला हा दंतवैद्य (१८३६ ते १९१५) बव्हंशी स्वतःच शिकला आणि पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत विभागाचा डीन झाला. १९०८ मध्ये त्याचा ‘ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. किडीमुळे पडणाऱ्या खड्ड्यांचं त्यानं केलेलं वर्गीकरण आजही तोंडी परीक्षेत पहिल्या पाच प्रश्नांत असतं. हातानं चालवायच्या अवजारांना त्यानं आकड्यांचं नाव दिलं. चिझेल-हॅचेटच्या दांड्यावर १०-८५-८-१४ असं काही कोरलेलं दिसलं की मुलांना तो कंपनीचा नंबर वाटतो. प्रत्यक्षात ते अवजाराचं मोजमाप आहे. पहिला आकडा पात्याची रुंदी, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत. दुसरा धारेचा कोन. तिसरा पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये. चौथा पातं दांड्याशी करतं तो कोन. कोन मोजायला वर्तुळाचे ३६० नव्हे, १०० भाग धरायचे. धार पात्याला काटकोनात असेल तर दुसरा आकडा गळतो आणि तीनच उरतात. शंभर वर्षं उलटून गेली तरी शिकागोतल्या आणि पंजाबातल्या कारखान्यांना एकच भाषा बोलायला लावणारं हे व्याकरण आहे. ते कळलं की डेपोवाल्याला ‘तो वाकडा वाला दाखवा’ असं म्हणावं लागत नाही.

त्याच्यावरचा थर वेगाचा. दात कोरायचं पायानं चालवायचं यंत्र १८७०च्या दशकात आलं, शिवणयंत्रासारखं पायटा मारत चालवायचं. पुढे वीज आली, पट्ट्या आणि कप्प्या आल्या. १९५७ मध्ये जॉन बोर्डन या अमेरिकन दंतवैद्याच्या नावानं हवेच्या दाबावर फिरणारी टर्बाइन बाजारात आली, मिनिटाला अडीच-तीन लाख फेरे घेणारी. तिचं व्यापारी नाव ‘एअरोटर’. ते नाव तिकडे मागे पडलं. आपल्याकडे मात्र डालडा आणि झेरॉक्ससारखं चिकटून बसलं. आपण कुठल्याही कंपनीच्या हायस्पीड हँडपीसला एअरोटरच म्हणतो.

तिसरा थर चिकटवण्याचा. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर आम्लाचा हलका थर दिला की त्यावर रेझिन धरून राहतं. साठच्या दशकात बोवेन यांचं रेझिन आलं आणि दातरंगी फिलिंगचं युग सुरू झालं. ब्लॅकच्या काळात ‘चांदी’, म्हणजे पाऱ्याचं अ‍ॅमलगम, पकड घेईल अशा आकाराचा खड्डा कोरावा लागे, निरोगी दातही थोडा खर्ची पडे. आता कीड जेवढी तेवढंच काढायचं. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारत त्यात आहे. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून दातांत अ‍ॅमलगम भरणं जवळजवळ बंद केलं. तरी आपल्या याद्यांत अ‍ॅमलगम कॅरिअर, कंडेन्सर, कार्व्हर ठाण मांडून आहेत. मला विचाराल तर कार्व्हर राहू द्यावा, कारण तो मेणालाही लागतो आणि दाताचा चेहरा ओळखायला शिकवतो. हॅचेटचा पूर्ण संच प्रत्येकीनं विकत घ्यावा, याला आता कारण उरलेलं नाही. विभागानं एक ठेवावा, सगळ्यांनी पाहावा, हाताळावा.

सर्वांत पातळ, पण खर्चाला सर्वांत जड थर निर्जंतुकीकरणाचा. आम्ही शिकत होतो तेव्हा अवजारं उकळत्या पाण्यातून निघायची आणि हातमोजे शस्त्रक्रियेपुरते असायचे. एचआयव्ही आणि हेपटायटिस बी यांच्या धास्तीनं ऐंशीच्या दशकानंतर सगळं बदललं. आता अवजार ऑटोक्लेव्हमधून, १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली पंधरा मिनिटं तरी, जाऊन आल्याशिवाय दुसऱ्या पेशंटच्या तोंडात जात नाही. म्हणूनच यादीत मिरर-प्रोबचे तीन-तीन, चार-चार संच दिसतात. वडिलांना ती चूक वाटते. “एक मोडला तर दुसरा घेऊ की,” म्हणतात. एक संच वाफेत असताना दुसरा हातात लागतो, हे यादीनं सांगितलेलं नसतं.

हे थर ओळखले की बाजारातली फसवणूक बरीच कमी होते. साधं पोलाद धार चांगली धरतं, पण ऑटोक्लेव्हमध्ये गंजतं आणि शेजारच्या चांगल्या अवजारालाही गंज लावतं. तेव्हा दोनशे रुपये वाचवून घेतलेलं एक अवजार सगळ्या ट्रेचं नुकसान करू शकतं. तोंडात घालायचा आरसा दोन जातींचा असतो. काचेच्या मागे थर असलेला स्वस्त, पण त्यात एका दाताच्या दोन सावल्या दिसतात. पुढच्या पृष्ठभागावर थर दिलेला महाग, पण प्रतिमा एकच आणि स्वच्छ. वरच्या दाढा चार वर्षं आरशातच पाहायच्या आहेत, तर कंजूषी इथे करू नये. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीला दुसऱ्या वर्षात वरच्या दाढेची कॅव्हिटी कधीच सरळ जमत नव्हती. तिच्या हातात दोष आहे असं मीही मानून चालले होते. एकदा तिचा आरसा घेऊन बघितलं आणि तिची माफी मागितली.

एअरोटरची गोष्ट याहून खर्चाची. हँडपीसच्या शेपटाला हवा-पाण्याची भोकं असतात, कुठे दोन, कुठे चार. दोन भोकांच्या जोडणीला आजही बोर्डनचंच नाव आहे. कॉलेजच्या खुर्चीची नळी चार भोकांची आणि मुलीचा एअरोटर दोन भोकांचा, असा प्रसंग प्रत्येक बॅचमध्ये निदान तिघा-चौघांवर येतो. खरेदी झालेली असते, डब्याचं सील फोडलेलं असतं आणि डेपोवाल्याचा फोन लागत नसतो. आधी लॅबमध्ये जाऊन नळी बघायची, मग दुकानात जायचं. दोन मिनिटांचं काम आहे. बर, म्हणजे एअरोटरचं कोरणारं टोक, घेताना त्याची दांडीही बघायची. एअरोटरला १.६ मिलिमीटरची लागते, स्ट्रेट हँडपीसला २.३५ची. जबरदस्तीनं घातलेला बर बाहेर निघतो तेव्हा तो कुणाच्या दिशेनं निघेल, याचा भरवसा नसतो.

आणि एअरोटर पहिल्या वर्षी घ्यायचाच कशाला? पहिल्या वर्षाचं खरं अवजार मेण आहे.

चौकोनी ठोकळा, हातात लेक्रॉन कार्व्हर, एका टोकाला सुरीसारखं पातं, दुसऱ्या टोकाला छोटी डावली. शेजारी व्हर्नियर कॅलिपर. वरचा मधला पटाशीचा दात कोरायचा. त्याचा मुकुट साडेदहा मिलिमीटर उंच, साडेआठ रुंद, मूळ तेरा मिलिमीटर. अनेक कॉलेजांत हे मोठं करून कोरून घेतात, पण प्रमाण तेच. ठोकळ्याच्या एका बाजूवर समोरची आकृती आखायची, शेजारच्या बाजूवर बाजूची, आणि दोन्हींना सोडून जे आहे ते काढून टाकायचं. ऐकायला सोपं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे दात साबणाच्या वडीसारखे दिसतात. दुसऱ्या आठवड्यात डावा-उजवा ओळखू येत नाही. मग कधीतरी मुलीच्या लक्षात येतं की दाताच्या दोन कोपऱ्यांपैकी एक टोकदार आहे आणि एक गोलसर. त्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून स्वतःचे दात पहिल्यांदा बघते. मेणालाही स्वभाव असतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते बोटांना चिकटतं, म्हणून अधूनमधून गार पाण्यात टाकायचं. थंडीत कपचे उडतात, म्हणून तळहातात जरा धरून ठेवायचं. पातं बोथट असेल तर मेण सोलत नाही, तुटतं. सहाव्या ठोकळ्यापर्यंत बहुतेक मुली रडतात. मुलगे रडत नाहीत, वर्ग बुडवतात.

इथेच या क्षेत्रातले गट पडतात. एक मत असं की मेणाचं कोरीवकाम जुन्या काळचं ओझं आहे. स्कॅनर तोंडातला दात टिपतो, संगणक आकार देतो, यंत्र सिरॅमिकमधून कॅप घडवतं. झ्युरिकमध्ये म्योरमान आणि ब्रांदेस्तिनी यांनी १९८५ मध्येच पेशंट खुर्चीवर असताना सिरॅमिकचं काम करून दाखवलं होतं. आता हॅप्टिक सिम्युलेटर आले आहेत, ज्यात हवेत धरलेल्या हँडपीसला खोट्या दाताचा खरा विरोध जाणवतो. मग ठोकळे कशाला? दुसरं मत असं की संगणकानं दिलेला आकार चुकला हे ओळखायला आधी आकार बोटांत असावा लागतो. मी दुसऱ्या गटातली आहे. पण आमच्या गटानं कोरलेल्या प्रत्येक दातावर मार्क देण्याऐवजी कुठे चुकलं ते दाखवायला तेवढाच वेळ दिला असता, तर पहिल्या गटाला एवढी माणसं मिळाली नसती.

खरेदीबाबतही पंथ आहेत. अमेरिकेतली अनेक कॉलेजं संच स्वतः देतात आणि त्याची किंमत किंवा भाडं फीमध्ये लावतात. ब्रिटनमध्ये पेशंटवर वापरायची अवजारं रुग्णालयाच्या मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागातून येतात, विद्यार्थ्यानं विकत घ्यायचा प्रश्न फारसा येत नाही. आपल्याकडे घरून पैसे आणून घ्यायचं. त्यातही ‘एकदम सगळं घ्या, भाव पुढच्या वर्षी वाढेल’ म्हणणारे आणि ‘टर्मगणिक घ्या’ म्हणणारे. एकदम घेतलेल्या पेट्या मी खूप पाहिल्या आहेत. तिसऱ्या वर्षी उघडतात तेव्हा अल्जिनेटची मुदत संपलेली असते, अ‍ॅक्रिलिकचा द्रव उडून गेलेला असतो आणि विभागात नवे सर आलेले असतात, त्यांना दुसराच आर्टिक्युलेटर हवा असतो. साहित्य नासतं, पोलाद नासत नाही. एवढा एक भेद धरला तरी निम्मा घोळ मिटतो.

सिनियरकडून घेण्याबद्दल मी उघडपणे बाजूनं आहे. बोन सेट, रबर बाउल, आर्टिक्युलेटर, फ्लास्क, क्लॅम्प, व्हर्नियर ही माणसं बदलली तरी टिकणारी चीजवस्तू. बर, फाइल, धारेची अवजारं मात्र दुसऱ्याच्या हातातली घेऊ नयेत. काढलेले दात जमवायची परंपरा जुनी आहे. गावाकडच्या डॉक्टरांना बाटली देऊन ठेवायची आणि दिवाळीला जाऊन आणायची. ते दात कुणाच्या तरी तोंडातले आहेत हे विसरू नये. ते सुकू द्यायचे नाहीत, हातमोज्याशिवाय हाताळायचे नाहीत, आणि ज्यात चांदी भरलेली आहे तो ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, कारण पाऱ्याची वाफ लॅबभर पसरते.

लूप्सबद्दल, म्हणजे चष्म्यावर बसणाऱ्या भिंगांबद्दल, हल्ली पहिल्या वर्षातच विचारणा होते. लवकर घ्या म्हणणारे सांगतात की मान वाचते. खरं आहे. चाळिशीत मान आणि कंबर धरून बसलेले माझे कितीतरी सहकारी आहेत. उशिरा घ्या म्हणणारे सांगतात की लूप्स तुमच्या बसण्याच्या अंतरावर आणि मानेच्या कोनावर मापून बनतात, आणि बसायची पद्धतच ठरली नसेल तर वाकड्या सवयीचं माप घेतलं जातं. मला दुसरं पटतं. तिसऱ्या वर्षी खुर्चीशी सहा महिने काढावेत, मग माप द्यावं.

हातांबद्दल एक गोष्ट या पुस्तकात मला पहिल्यांदाच नीट लिहिलेली दिसली. मी शिकवलेल्या शेवटच्या दहा वर्गांत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. बाजारातल्या कित्येक फोर्सेप्स आणि हँडपीस यांचं माप मात्र मोठ्या पंजांवरून ठरलेलं आहे. छोट्या डोक्याचा एअरोटर, जाड पण हलक्या दांड्याचा स्केलर या चैनीच्या गोष्टी नव्हेत. डावखुऱ्यांचे हाल तर वेगळेच. बहुतेक खुर्च्यांच्या नळ्या उजव्या हाताशी असतात. उजव्या हाताचा विद्यार्थी घड्याळाच्या नऊ ते बाराच्या जागेत बसतो, डावखुऱ्याला बारा ते तीनमध्ये बसायचं असतं आणि नळी पेशंटच्या छातीवरून ओढावी लागते. डावखुऱ्या मुलांना ‘उजव्यानं कर’ सांगणारे शिक्षक मी पाहिलेत. सुरुवातीला मीही सांगितलं आहे.

आता या पुस्तकाची भाषा. दंतवैद्यकाची सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजीत आहेत आणि परीक्षाही इंग्रजीतच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पेशंट इंग्रजीत ओरडत नाही. तो म्हणतो, ‘दाढ ठणकतेय’, ‘गार पाण्यानं सणक जाते’, ‘चावताना कळ येते’, ‘चिंच खाल्ली की दात शिवशिवतात’, ‘हिरडी फुगून पू येतोय’. ठणका म्हणजे नाडीबरोबर उडणारी, रात्री झोपू न देणारी वेदना. तो शब्द ऐकला की दाताच्या आतली नस वाचायची शक्यता कमी, असा अंदाज बांधता येतो. सणक येऊन लगेच गेली तर नस बहुधा शाबूत आहे. या शब्दांतला फरक परजिल्ह्यातून, परप्रांतातून आलेल्या मुलांना शिकावा लागतो आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलीला तो आधीच येत असतो. पहिल्या वर्षी इंग्रजी ऐकून गांगरलेली हीच मुलगी तिसऱ्या वर्षी ओपीडीत सगळ्यांच्या पुढे असते. तिला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं. लेखकांनी असे शब्द जमवून, त्यांना निदानाच्या बाजूनं जोडून दिले आहेत.

पुस्तक आजच का? देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, आणि डेंटल कौन्सिलच्या जागी आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. नियम बदलतील, याद्याही बदलतील. त्यातच खरेदी ऑनलाइन गेली. डेपोवाला निदान ओळखीचा असायचा, बिघडलं तर परत घ्यायचा. मोबाइलवरच्या चित्रात पोलाद आणि मुलामा सारखेच चमकतात. नावाजलेल्या बरच्या डबीसारखी हुबेहूब डबी निम्म्या किमतीत मिळते आणि हिरेकणी तिसऱ्या दाताला झडते. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण अशा डब्या विकून कुणाचं तरी भरतंय.

लेखक तिघं आहेत. दोन शिक्षक, आणि नुकतीच इंटर्नशिप संपवलेली एक मुलगी. तिसरीचा हात पुस्तकभर जाणवतो. कुठलं साहित्य कुठल्या महिन्यात खरोखर लागलं, काय चार वर्षं पेटीच्या तळाशी पडून राहिलं, हे तिनं स्वतःच्या वहीतून उतरवलं आहे. कुठल्या कंपनीचं घ्यावं हे पुस्तक सांगत नाही, आणि वाचकाला त्याचा थोडा राग येईल. त्याऐवजी प्रत्येक वस्तू कशासाठी आली, तिच्यात काय तपासायचं, ती कधी घ्यायची आणि नाही घेतली तर काय अडेल, एवढं सांगतं. माझे मतभेद आहेत. लूप्सवरचं प्रकरण मला जास्त उत्साही वाटतं आणि अ‍ॅमलगमवरचं जास्त हळवं. पेरिओच्या क्युरेटना धार लावायची पद्धत चित्रांनी दाखवली आहे, ती मात्र मीसुद्धा नव्यानं शिकले.

त्या किराणा दुकानदारांची मुलगी आता स्वतः प्रॅक्टिस करते. प्रस्तावना लिहायच्या आधी मी तिला फोन करून जुनी यादी आहे का विचारलं. होती. तिनं फोटो पाठवला. वडिलांनी पेन्सिलीनं तीन रकाने पाडले होते: ‘आत्ता’, ‘दसऱ्याला’, ‘विचारून’. तिसरा रकाना सर्वांत लांब, आणि एअरोटर त्यात. मेणाचे ठोकळे पहिल्या रकान्यात, डझनभर. पुढे तिनं दोनदा आणखी आणले म्हणाली. तेव्हा बाकी यादीचं काय करायचं ते पुढच्या पानांवर वाचा, पण ठोकळे लिहिलेत त्याच्या दुप्पट घ्या.